शब्द कोणाच्या कानी?

दौंडकडून अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, येणाऱ्या रस्त्यावर शहर जवळ येता येता अरणगाव नावाचे एक खेडे लागते. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्कराची छावणी होती. ती उठून गेल्यावर मागे राहिलेल्या पडक्या इमारतींच्या आश्रयाने १९२३ मध्ये पुण्याचे मेरवान शेरियार इराणी, ज्यांना लोक मेहेरबाबा म्हणून ओळखतात, आपल्या शिष्यमंडळींसह येऊन राहिले. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत, म्हणजे साडेत्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ, ते सोडले नाही.

साधूने मौन धरावे यात आपल्या देशात नवल कसले? नवल आहे ते सालाचे. १९२५ याच साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांनी पत्र्याचा कर्णा बाजूस सारून मायक्रोफोनच्या व विजेच्या साहाय्याने तबकड्या तयार करण्यास आरंभ केला. त्यानंतर सहा वर्षांनी 'आलम आरा'ने हिंदी चित्रपटाला आणि सातव्या वर्षी 'अयोध्येचा राजा'ने मराठी चित्रपटाला वाचा दिली. पुढे रेडिओ आला, ध्वनिक्षेपक आला, आणि देवळाच्या शिखरापासून निवडणुकीच्या मोटारीपर्यंत जिकडेतिकडे आवाजाचा अंमल सुरू झाला. याच जिल्ह्यातील शिर्डीस साईबाबा १५ ऑक्टोबर १९१८ रोजी समाधिस्थ झाले तेव्हा फ्रेड गैसबर्ग नावाचा मुद्रक कलकत्त्यास येऊन आपल्या गवयांचे आवाज मेणावर उतरवून घेऊन गेला त्याला सोळा वर्षे लोटली होती. तथापि बाबांच्या तोंडचा एकही शब्द आपल्याला आज ऐकावयास मिळत नाही, जे काही आहे ते चरित्रकार दाभोळकरांच्या ओवीतून आणि भक्तांच्या आठवणींतून आहे. शिर्डीत यंत्र पोहोचले नाही म्हणून आवाज राहिला नाही. अरणगावात यंत्र सहज पोहोचू शकले असते, पण तेथे आवाजच नव्हता.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे एक प्रश्न समोर येतो. धर्माने ज्याला शब्द म्हटले तो ध्वनीत असतो काय? असेल, तर ज्याला ध्वनी पोहोचत नाही त्या जन्मबधिर मनुष्याचे धर्मात स्थान कोणते? उपनिषदांनी आत्म्याविषयी आधी ऐकावे, मग मनन करावे असे सांगितले. नवविधा भक्तीत पहिली पायरी श्रवणाची. १८३१ पासून नगरात ठाण मांडून बसलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या पाद्र्यांचा संत पौलही श्रद्धा ऐकण्यातून येते असेच सांगतो. सर्व वाटा कानापासून निघतात; आणि २०११ च्या जनगणनेत या देशात ५० लाखांहून अधिक माणसे श्रवणदोष असलेली म्हणून नोंदली गेली आहेत.

विज्ञानाने या प्रश्नाला बगल देऊन दुसराच मार्ग धरला: कानच दुरुस्त करावा. आणि येथे एक विलक्षण गोष्ट दिसते, ती अशी की ध्वनिमुद्रणाच्या यंत्राची वंशावळ उलगडू लागले असता तिच्या मुळाशी बहिरेपणच आढळते. पॅरिसचा लेओं स्कॉट हा छापखान्यातला मनुष्य. मानवी कानाच्या रचनेचे अनुकरण करून त्याने १८५७ मध्ये असे यंत्र केले की त्याच्या पडद्यासमोर बोलले असता काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची नागमोडी रेघ उमटे. ती रेघ परत वाजविण्याची कल्पना त्याच्या मनातही नव्हती. आवाजाने आपला दस्तऐवज आपणच लिहावा एवढीच त्याची इच्छा. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याची आई बहिरी, पुढे पत्नीही बहिरी, आणि त्याचा स्वतःचा व्यवसाय बहिऱ्या मुलांना बोलावयास शिकविण्याचा. १८७४ मध्ये बोस्टनचे कर्णवैद्य क्लॅरेन्स ब्लेक यांच्या साहाय्याने त्याने एका मृत मनुष्याचा कान मिळविला, त्यातील चिमुकल्या हाडाला गवताची एक काडी जोडली, आणि त्या कानात तो बोलू लागला. पडदा हलला, हाड हलले, काडी हलली आणि काजळी फासलेल्या काचेवर स्वरांच्या आकृती उमटल्या. ज्या मुलाला आपला उच्चार ऐकू येत नाही त्याला तो डोळ्यांनी दिसावा, आणि शिक्षकाच्या रेघेशी आपली रेघ ताडून पाहून त्याने तो सुधारावा, असा हेतू होता. तो हेतू सफल झाला नाही. मात्र एवढासा पातळ पडदा इतकी जड हाडे हलवू शकतो, हे त्या कानाने बेलला शिकविले, आणि त्यातून दूरध्वनी निघाला.

फोनोग्राफचा कर्ता एडिसन तर स्वतःच लहानपणापासून कानाने अधू. १८७७ मध्ये कथलाच्या पत्र्यावर त्याने एक बालगीत उतरविले आणि यंत्राने ते परत म्हणून दाखविले; परंतु पुढे आपल्याच यंत्राचे सूक्ष्म स्वर त्याला ऐकावयाचे असत तेव्हा तो त्या लाकडी पेटीला दात लावून बसे, म्हणजे कंपने जबड्याच्या हाडातून थेट आतल्या कानापर्यंत जात. बेलला १८८० मध्ये फ्रान्स सरकारने व्होल्टा पारितोषिकाचे ५०,००० फ्रँक दिले. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेत मेणाच्या नळकांड्यावर कोरून आवाज साठविण्याची रीत निघाली. आणि त्या रीतीच्या हक्कांतून आलेला पैसा १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्होल्टा ब्यूरो या बहिऱ्यांविषयीच्या ज्ञानप्रसारासाठीच्या संस्थेकडे गेला. ज्या गवयांच्या तबकड्या आपल्या आजोबांनी चावी देऊन ऐकल्या त्यांच्या वंशावळीत, फार मागे, एक मृताचा कान आणि दोन बहिऱ्या स्त्रिया आहेत.

अशा यंत्रापासून लोकांनी चमत्काराची अपेक्षा केली यात गैर काही नव्हते. जे यंत्र मेलेल्या मनुष्याला बोलावयास लावते ते जिवंत मनुष्याला ऐकावयास का लावणार नाही? कंपनांनी कानाला व्यायाम घडविण्याचे उपचार निघाले, कृत्रिम पडद्यांच्या आणि हमखास गुणाच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रांचे रकाने भरले, आणि पुष्कळ भोळ्या माणसांचे पैसे गेले. आपल्याकडचे वैद्य या बाबतीत अधिक प्रामाणिक होते असे म्हणावे लागेल: गोमूत्रात वाटलेल्या बेलफळाचे तेल त्यांनी बाधिर्यावर सांगितले खरे, पण बालपणीचे, वार्धक्यातले आणि जुने झालेले बाधिर्य असाध्य आहे अशी कबुलीही त्यांच्या ग्रंथांनी देऊन ठेवली आहे. (कानात तेल घालून बसण्याची कला मात्र बहिऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांनीच अधिक साध्य केली, तिचे प्रत्यंतर कोणत्याही कचेरीत मिळते.)

वैद्य प्रामाणिक राहिले. तत्त्वज्ञांविषयी तेवढी खात्री देता येत नाही. वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण. तो उत्पन्न होतो, पाण्यावरील तरंगांप्रमाणे एकातून दुसरा असा पुढे सरकतो आणि नाहीसा होतो. आणि तो ग्रहण करणारे श्रोत्रेंद्रिय म्हणजे कानाच्या विवराने मर्यादित झालेले तेच आकाश. आता आकाश एक, अखंड आणि अविनाशी; ते कोणाच्या कानात बिघडू शकत नाही. मग माणूस बहिरा होतोच कसा? त्यांचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी ही अडचण ओळखली आणि उत्तर दिले की त्या आकाशाशी त्या त्या जीवाचे धर्माधर्म निगडित असतात. आकाश नित्य असले तरी हे साहाय्य उणे पडले की बाधिर्य येते. युक्तिवादात कोठे फट नाही. परंतु सिद्धान्ताला आलेली तूट येथे बहिऱ्याच्या खात्यावर नावे टाकण्यात आली आहे, आणि जमाखर्च जुळला म्हणून पंडित निश्चिंत झाले आहेत. आतल्या कानातील केसाळ पेशी गोवराने, मेंदूज्वराने, औषधाने किंवा जन्मतःच नष्ट झालेल्या असतात हे आज शाळेतल्या मुलालाही समजावून सांगता येते. तरीही घरात बहिरे मूल जन्मले म्हणजे आईच्या मनात कोणत्या पापाचे हे फळ असा प्रश्न येतो, आणि तिने प्रशस्तपादांचे नावही ऐकलेले नसते.

मीमांसकांचे मत याच्या उलट. वर्ण नित्य आहेत; मुखातून निघतो तो ध्वनी त्यांना केवळ प्रकट करतो. ग्रामोफोनपुढे या दोघांना बसविले असते तर काय झाले असते, याची कल्पना करण्यात मला नेहमी मौज वाटते. वैशेषिक म्हणाला असता की तबकडीतून येतो तो नवा शब्द आहे, जुन्याचा सजातीय खरा, पण गवयाच्या कंठातून निघालेला शब्द कधीच नष्ट झाला. मीमांसक म्हणाला असता की शब्द पूर्वी होताच, तेव्हा कंठाने प्रकट केला, आता सुईने केला, यात आश्चर्य ते कोणते. पदार्थविज्ञान वैशेषिकाच्या बाजूने निकाल देईल. पण या प्रकरणी माझा ओढा मीमांसकाकडे आहे, कारण शब्द जर ध्वनीहून वेगळा असेल आणि ध्वनी हा त्याचा केवळ प्रकाशक असेल, तर दुसरा एखादा प्रकाशक, उदाहरणार्थ हाताची खूण, त्याला का प्रकट करू शकणार नाही? बहिऱ्यासाठी दार येथे होते. मीमांसकांनी ते उघडले नाही. लिहिलेल्या पोथीवरून शिकलेला वेदसुद्धा ज्यांना मान्य नव्हता, ते हाताची भाषा कोठून मान्य करणार?

धर्मशास्त्राने तर पुढचे पाऊल टाकले. मनूने जन्मांध आणि जन्मबधिर यांना वारशातून वगळले. अन्नवस्त्र द्यावे, वाटा देऊ नये. हा केवळ पोथीतला नियम नव्हता, इंग्रजी अंमलात न्यायालयांनी तो कसोशीने चालविला, आणि जमीनजुमल्याच्या खटल्यांत भाऊबंदांनी एखाद्याचे बहिरेपण हे हत्यार म्हणून वापरले. १९२८ च्या कायद्याने मिताक्षरा मानणाऱ्या प्रांतांतून ही अपात्रता बहुतांशी दूर केली, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग किंवा व्यंग यांच्या कारणावरून वारसा नाकारण्याची वाट कायमची बंद केली. शास्त्राने कानावर केलेला दुसरा हुकूमही विसरता येत नाही: वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापवलेले कथील किंवा लाख ओतावी, असे गौतमाच्या धर्मसूत्रात आहे. म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याला वाटा नाही, आणि ज्याला ऐकू येते त्याला ते येऊ नये अशी तजवीज. या दोन नियमांना एकत्र वाचले म्हणजे ध्यानात येते की श्रवणाचा प्रश्न मुळात इंद्रियाचा नव्हता, अधिकाराचा होता.

आणि नेमके हेच सातशेहून अधिक वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी नेवाशास, स्पष्ट शब्दांत बोलले गेले. ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायाच्या अखेरीस वेदाला कृपण म्हटले आहे; ऐश्वर्य असूनही तो तीनच वर्णांच्या कानी लागला, आणि तो उणेपणा दूर करण्यासाठी तोच गीतेच्या रूपाने पुन्हा अवतरला असे त्यांचे म्हणणे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्या खांबाशी बसून त्यांनी हे सांगितले असे मानतात तो पैस खांब नेवाशात आजही आहे, आणि सांगितले ते लिहून घेतले सच्चिदानंदबाबांनी. आख्यायिका अशी की ते मृत झालेले असताना ज्ञानेश्वरांनी त्यांना उठविले, आणि उठलेला मनुष्य लेखक झाला. आख्यायिकेची कैफियत इतिहासाच्या दफ्तरी दाखल करून घेता येत नाही हे खरे; पण तिच्यातील जाण खोल आहे. त्याच्या थोडे आधी महानुभाव पंथातील म्हाइंभट्टांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकून, पडताळून, लीळाचरित्रात गोळा केल्या होत्या. एकाने बोलणाऱ्यासमोर बसून लिहिले, दुसऱ्याने बोलणारा गेल्यावर माणसामाणसांत उरलेले बोलणे वेचले. यंत्र नव्हते म्हणून त्यांना आवाज राखता आला नाही, असे आपण म्हणू. मला वाटते की त्यांना जे राखावयाचे होते ते आवाजाहून वेगळे होते.

रेड्याच्या कथेचाही येथे विचार केला पाहिजे. ज्ञानेश्वरांनी पैठणास रेड्यामुखी वेद वदविला, आणि पुढे तो रेडा जुन्नर तालुक्यात आळे येथे समाधी पावला, असे सांगतात. कीर्तनकार ही कथा सामर्थ्याचे प्रदर्शन म्हणून रंगवितात. मला ती निराळी दिसते. उच्चार निर्दोष, स्वर शुद्ध, आणि अर्थबोध शून्य: फोनोग्राफाच्या सहाशे वर्षे आधी आपल्या परंपरेने ध्वनिमुद्रणाची मर्यादा एका रेड्याच्या रूपाने पाहून ठेवली होती. ब्रह्मवृंद ज्याला वेदाधिकार म्हणत होता ते केवळ उच्चारण असेल तर ते पशूलाही जमते, हे सिद्ध करून ज्ञानेश्वर तेथे वेद म्हणत बसले नाहीत; ते नेवाशास आले आणि मराठीत बोलले. नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी त्यांनी मागितले ते एकच, अवधान. कान त्यांनी मागितलेला नाही.

आता पुन्हा बेलकडे वळले पाहिजे, कारण त्याच्या सद्हेतूचा शेवट कशात झाला हे सांगितल्यावाचून ही हकीकत अपुरी राहील. बहिऱ्यांची हाताची भाषा काही नवी नव्हती. अठराव्या शतकात पॅरिसला आबे द लेपे या धर्मोपदेशकाने तिच्या आधारे शाळा चालविली होती. परंतु १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने, जिच्यात दीडशेहून अधिक प्रतिनिधींमध्ये बहिरा असा एखादाच होता, ठराव केला की बहिऱ्या मुलांना केवळ तोंडाच्या बोलीने शिकवावे, खुणांनी नव्हे. बेल याच पक्षाचा खंदा पुरस्कर्ता. पुढे कित्येक दशके देशोदेशींच्या शाळांत हात हलविले म्हणून मुलांच्या हातांवर छड्या पडल्या. ओठ वाचण्यात आणि स्वतःला कधीही ऐकू न येणारे उच्चार घोटण्यात त्यांची शिकण्याची वर्षे गेली, आणि जी भाषा त्यांना सहज येत होती ती चोरून बोलावी लागली. २०१० मध्ये व्हँकूवरच्या परिषदेने या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षांनी.

याच एकशे तीस वर्षांच्या मध्यभागी अरणगाव आहे. मेहेरबाबांनी मौन धरल्यावर प्रथम लिहून काम चालविले. १९२७ च्या आरंभी लेखणी ठेवली आणि इंग्रजी मुळाक्षरांची एक पाटी घेतली, तिच्यावर बोट फिरवावे आणि जवळच्याने ते मोठ्याने वाचावे. 'गॉड स्पीक्स' हा १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रमुख ग्रंथ या पाटीवरूनच सांगितला गेला, आणि बोलणारा मुका असताना ग्रंथाचे नाव असे असावे यातील विनोद त्यांना कळत नव्हता असे मला वाटत नाही. ७ ऑक्टोबर १९५४ पासून पाटीही सुटली व उरल्या त्या केवळ हाताच्या खुणा, ज्यांचा अर्थ एरच जेस्सावाला प्रभृती निकटवर्ती सभेला सांगत. देशोदेशींचे सुशिक्षित लोक त्या बोटांकडे डोळे लावून बसत; बोलणारा गप्प, आणि उच्चार करतो तो ऐकणारा, असा उलटा व्यवहार तेथे वर्षानुवर्षे चालला आणि त्यात काही उणे आहे असे कोणाला वाटले नाही. ज्या हालचालीबद्दल बहिऱ्या मुलाला छडी मिळत होती तीच हालचाल अरणगावात ईश्वरी वाणी म्हणून शिरोधार्य होती. हात तेच, अधिकार वेगळा.

येथे भक्तांची हरकत येईल, आणि बहिऱ्यांचीही येईल. दुसरी मला अधिक वजनदार वाटते. मौन हे व्रत आहे, बहिरेपण ही स्थिती. ज्याच्या कंठात आवाज आहे त्याने तो न वापरणे आणि ज्याच्या कानापर्यंत जगच पोहोचत नाही त्याने रस्त्यावरच्या मोटारीखाली सापडणे, या एका मापाच्या गोष्टी नव्हेत. मेहेरबाबा मुके असले तरी बहिरे नव्हते. गाण्यांची त्यांना आवड होती. कोल पोर्टरच्या 'बिगिन द बिगीन' या गाण्याची तबकडी त्यांच्या इच्छेप्रमाणे १९६९ मध्ये त्यांच्या देहापाशी वाजविण्यात आली. म्हणून बहिऱ्याला 'तुला तर निसर्गतःच मौन लाभले' असे सांगणाऱ्या अध्यात्माचा मला मनापासून तिटकारा आहे. उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगू नये. शिवाय उपचार आता थोतांड राहिलेले नाहीत. आपल्या विद्युत्घटाच्या तारा व्होल्टाने स्वतःच्या कानांत घातल्या तेव्हा डोक्यात धक्का बसून काही तरी खदखदल्यासारखा आवाज आला होता; त्या धाडसी प्रयोगाचे वंशज असे कॉक्लिअर इम्प्लांट आज मेलेल्या पेशींना वगळून थेट मज्जातंतूला विजेचे संदेश देते, आणि लहानपणीच बसविले व पाठोपाठ वाचोपचार झाले तर मूल बोलू लागते. ज्या आईबापांना ते मिळू शकते त्यांनी ते नाकारावे असे मी म्हणणार नाही. मात्र यंत्र बसले म्हणून हात बांधावेत, ही मिलानची चूक पुन्हा नव्या थाटात होताना दिसते, तिला माझा विरोध आहे.

राहता राहिला श्रवणभक्तीचा प्रश्न. जिल्ह्यात वर्षभर सप्ताह चालतात, पारायणे होतात, मंडपाच्या चारही कोपऱ्यांना ध्वनिक्षेपक टांगलेले असतात, आणि त्याच मंडपात बसलेला बहिरा वारकरी टाळाकडे आणि ओठांकडे पाहत राहतो. कीर्तनकाराच्या शेजारी खुणांच्या भाषेतला एक दुभाषी उभा करावयाचा म्हटले तर खर्चाची अडचण मोठी नाही. अडचण वेगळी आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये आपल्या कोशाची तिसरी आवृत्ती १०,००० शब्दांनी सिद्ध केली, पण अद्वैत, माया, अवधान अशा शब्दांना कोशात खूण मिळाली तरी ती रुळावयास परंपरा लागते, वाद लागतात, चुका लागतात. त्या खुणा ऐकणाऱ्या पंडितांनी ठरवून द्यावयाच्या नाहीत; ज्यांची ती भाषा आहे त्यांनी ग्रंथ हाती घेऊन, आपसांत भांडून, त्या घडवावयाच्या आहेत, आणि तोवर हे हातवारे ब्रह्मविद्येला पेलणार नाहीत असे म्हणणारे लोक भेटतीलच, जसे मराठीविषयी म्हणणारे ज्ञानेश्वरांच्या काळीही होते.